रेस्टॉरंट काढताय? आधी आरोग्य खात्यात चक्कर मारा, मग जागेचं बघा

नवीन रेस्टॉरंट काढणारी मंडळी बहुतेक एकाच क्रमाने जातात. आधी जागा मनात भरते, मग डिपॉझिट जातं, मग इंटिरियरवाला येतो, बोर्डाचा रंग ठरतो, आणि सगळं होत आलं की कुणीतरी विचारतं, अरे परवान्याचं काय? मी काही वेगळा नव्हतो. माझा पार्टनर आणि मी, आम्ही किचनच्या टाइल्स निवडण्यात दोन आठवडे घातले आणि त्यानंतर पहिल्यांदा आरोग्य खात्याच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या मॅडमनी नकाशा उलगडला, एक मिनिटभर बघितला आणि शांतपणे विचारलं, "हात कुठे धुणार?" म्हटलं मॅडम हे काय सिंक आहे की. "ते भांड्यांचं. तिथे हात धुवायचे नाहीत." झालं! नुकत्याच बसवलेल्या टाइल्स फोडल्या, पाण्याची आणि ड्रेनेजची लाइन नव्याने ओढली, आणि उद्घाटन पुढे ढकललं ते ढकललंच. तिकडे भाडं आपलं चालूच होतं.

तेव्हा पहिल्यांदाच या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी लिहितोय. क्रम नीट लावला तर यातलं अर्धं डोकं खाणं टळतं.

आधी हे समजून घ्या की खातं कुणाचं हे जागेनुसार बदलतं. कुठे महापालिकेचं आरोग्य खातं, कुठे राज्याचं अन्न प्रशासन, कुठे काउंटी (अमेरिकेतला जिल्ह्यासारखा विभाग), कुठे लोकल कौन्सिल. अमेरिकेत केंद्राची एफडीए, म्हणजे अन्न आणि औषधांवर देखरेख करणारी संस्था, नुसती नमुना नियमावली काढते, फूड कोड म्हणतात तिला, १९९३ पासून आहे, पण ती किती आणि कुठली आवृत्ती पाळायची हे राज्यं आणि काउंट्या ठरवतात, त्यामुळे रस्त्याच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा असंही होतं. ब्रिटनमध्ये उघडण्याच्या किमान २८ दिवस आधी कौन्सिलकडे नोंदणी करावी लागते. भारतात २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणीचा किंवा परवान्याचा १४ आकडी नंबर मिळतो. नावं वेगळी, फॉर्म वेगळे, पण आतली हाडं सगळीकडे तीच, कारण बहुतेक देशांचे नियम कोडेक्सच्या तत्त्वांवर उभे आहेत, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि आरोग्य संघटना, एफएओ आणि डब्ल्यूएचओ, यांनी मिळून १९६३ साली जे काम सुरू केलं त्याच्यावर. म्हणून खाली मी जे आकडे देतोय ते मुख्यतः फूड कोडमधले आहेत, तुमच्याकडे एखाद-दोन डिग्री इकडेतिकडे असतील, तुमच्या ऑफिसातून स्थानिक नियमावली आणा आणि तीच पक्की धरा.

पायरी १: मेनू लिहून काढा

हो, जागेच्या आधी मेनू. कारण खात्याचा पहिला प्रश्न तुमची जागा किती मोठी हा नसतो, तुम्ही काय बनवणार आणि कसं बनवणार हा असतो. नुसती कॉफी आणि पाकिटबंद बिस्किटं विकणारा वेगळ्या धोक्याच्या गटात, कच्चं चिकन आणून ते शिजवून लगेच वाढणारा वेगळ्या, आणि आज शिजवून, थंड करून, उद्या परत गरम करून देणारा सगळ्यात वरच्या गटात. या गटावरच फी, तपासणी वर्षातून किती वेळा आणि उपकरणं कुठली हे सगळं ठरतं.

व्हॅक्यूम पॅकिंग करायचंय, मांस खारवून टिकवायचंय, कडधान्यांना आपल्याच किचनमध्ये मोड आणून ती कच्ची द्यायचीयेत, असलं काही मनात असेल तर ते आत्ताच सांगा, त्याला बऱ्याच ठिकाणी वेगळी लेखी योजना लागते, तिला हॅसॅप म्हणतात. घाबरायचं नाही, नाव मोठं आहे पण विचार साधाय. १९६० च्या आसपास नासासाठी अंतराळवीरांचं जेवण बनवताना प्रश्न पडला की वर गेलेल्या माणसाचं पोट बिघडलं तर काय करणार, आणि तयार झालेली पाकिटं फोडून तपासत बसलं तर खायला उरणार काय! मग पिल्सबरी कंपनी, नासा आणि अमेरिकन लष्कराच्या लॅबनी मिळून उलटा विचार केला की शेवटी तपासण्यापेक्षा बनवतानाच कुठल्या ठिकाणी गडबड होऊ शकते ते शोधा आणि त्या ठिकाणी पहारा ठेवा. इन्स्पेक्टर तुमच्या किचनमध्ये येऊन डोक्यात हेच चालवत असतो.

पायरी २: मेनू घेऊन ऑफिसात जा, आणि हे जागेचं अॅग्रीमेंट करायच्या आधी

हे ठळक अक्षरात लिहावंसं वाटतंय. जागा बघितलीत, आवडली, ठीक आहे, मालकाला सांगा चार दिवसांत कळवतो, आणि पत्ता घेऊन ऑफिसात जा. विचारायचं ते असं: या पत्त्यावर आधी खाण्याचा धंदा होता का, कुठल्या प्रकारचा होता, शेवटची तपासणी कधी झाली, बंद का पडला. पुष्कळ ठिकाणी जुने तपासणी रिपोर्ट लोकांना बघायला खुले असतात, ते वाचा. त्यात वर्षानुवर्षं "फरशीतून सांडपाणी वर येतं" असं लिहिलेलं दिसलं तर समजून जा की ते आता तुमच्या गळ्यात पडणार.

आणि एक गैरसमज इथेच काढून टाका. जागामालक किंवा दलाल छातीठोक सांगतो, "आधी इथे रेस्टॉरंटच होतं, लायसन्स रेडी आहे." बहुतेक ठिकाणी परवाना जागेला चिकटलेला नसतो, तो त्या माणसाला त्या जागेसाठी दिलेला असतो, मालक बदलला की नवीन अर्ज. त्यातून वाईट म्हणजे जुना माणूस जुन्या नियमांवर चालत आलेला असतो, त्याला कुणी काही म्हणत नव्हतं, पण नवीन अर्ज आला की आजचे नियम लागतात आणि मग भांड्यांचं तीन कप्प्यांचं सिंक नाही, ग्रीस ट्रॅप (सांडपाण्यातलं तेल-तूप अडवणारी टाकी) नाही, एक्झॉस्ट कमी पडतो, अशी यादीच हातात येते.

काउंटरवरचे लोक साधारण बरे असतात हो. आपणच तिथे चेहरा पाडून जातो. मेनू आणि हाताने काढलेला कच्चा नकाशा घेऊन "अजून काही केलेलं नाही, काय काय लागेल सांगा" असं म्हणून गेलात तर जे फुकट मिळतं ते नंतर कन्सल्टंट पैसे घेऊन सांगतो.

पायरी ३: नकाशा मंजूर करून घ्या, मगच हातोडा

नकाशात काय काय दाखवायचं याची यादी ऑफिसात मिळते, मी फक्त जिथे नवखे हटकून अडकतात तेवढंच सांगतो.

हात धुण्याचं बेसिन. वेगळं, फक्त हातासाठी, जिथे काम चालतं तिथून पटकन पोचता येईल असं, गरम पाणी, साबण, पुसायला कागद, शेजारी कचऱ्याचा डबा. एक बेसिन कोपऱ्यात लपवून ठेवलं तर कुणी तिकडे जात नाही, हे इन्स्पेक्टरला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत असतं. आणि बेसिन असून उपयोग नाही, ते मोकळं पाहिजे. आमच्याकडे पहिल्या वर्षी एका तपासणीच्या वेळी बेसिनमध्ये कुणीतरी गाळणी ठेवलेली होती, बस, तेवढीच, ओली गाळणी. रिपोर्टात दोन मुद्दे लागले, बेसिन अडवलेलं आणि बेसिन दुसऱ्या कामासाठी वापरलेलं. मी म्हटलं सर एक मिनिटापूर्वी ठेवली असेल, तर ते साबणाच्या बाटलीकडे बोट दाखवून म्हणाले, ही वरून कोरडी ठणठणीत आहे. सकाळपासून कुणी हात धुतलेच नव्हते हे त्यांना बाटलीवरून कळलं!

भांड्यांचं तीन कप्प्यांचं सिंक. एकात घासायचं, दुसऱ्यात खळबळायचं, तिसऱ्यात जंतुनाशक, आणि मग फडक्याने न पुसता हवेवर वाळवायचं. क्रम उलटासुलटा केला तर तिसऱ्या कप्प्यातलं औषध साबणाने आणि खरकट्याने मरतं. क्लोरीन वापरत असाल तर साधारण ५० ते १०० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग), आणि ते मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात त्या हाताशी पाहिजेतच. अंदाजाने ओतणारे दोन्हीकडून फसतात, कमी पडलं तर जंतू राहतात, जास्त झालं तर तेच पोटात जातं. सगळ्यात मोठं पातेलं त्या कप्प्यात बुडतंय का हे सिंक घेतानाच बघा, आम्ही बघितलं नव्हतं.

नळाचं तोंड आणि सिंकची कड यात मोकळी हवा. हे ऐकून सगळे हसतात पण कारण चोख आहे. पाण्याचा दाब अचानक गेला तर पाइप उलटा ओढतो, आणि नळाचं तोंड घाण पाण्यात बुडालेलं असेल तर ते पाणी पिण्याच्या लाइनीत जातं. म्हणून नळाच्या व्यासाच्या दुप्पट आणि कमीत कमी २५ मिलिमीटर तरी अंतर. नळाला रबरी पाइप लावून तो बादलीत सोडून ठेवायची सवय असेल तर ती आत्ताच मोडा.

बाकी पटापट: भिंती आणि फरशी धुता येतील अशा, जमिनीपासून सामान किमान १५ सेंटिमीटर वर, ओट्यावरच्या दिव्यांना फुटले तरी काच खाली पडणार नाही असं कव्हर, फिनाइल-बिनाइल आणि खाण्याचं सामान वेगवेगळ्या ठिकाणी, पोछ्याचं घाण पाणी ओतायला वेगळी मोरी, स्टाफच्या पिशव्या आणि चपलांना जागा. मागच्या दाराखालून उजेड दिसतोय का ते रात्री आतला दिवा लावून बाहेरून बघा. सहा मिलिमीटरच्या फटीतून उंदीर आत येतो, आणि तुम्ही कितीही लखलखीत ठेवा, एक लेंडी दिसली की तुमचं म्हणणं कोण ऐकणार.

मंजुरी लेखी घ्या. तोंडी "चालेल" म्हणणारा साहेब दोन महिन्यांनी बदलून गेलेला असतो.

अग्निशमन, बांधकाम, सांडपाणी, दारूचा परवाना असेल तर तो, ही खाती वेगळी आणि त्यांचे खेटे वेगळे. फक्त एवढं करा की एकाला दिलेला नकाशा आणि दुसऱ्याला दिलेला नकाशा एकच असू द्या.

पायरी ४: माणसं तयार करा

पुष्कळ ठिकाणी प्रत्येक शिफ्टला अन्नसुरक्षेची परीक्षा दिलेला एक तरी जबाबदार माणूस हजर लागतो. मालक म्हणून तुम्ही स्वतः द्या ती परीक्षा, मॅनेजरला पाठवून मोकळं होऊ नका, तो सहा महिन्यांनी सोडून जातो आणि सर्टिफिकेट त्याच्याबरोबर जातं.

पण परीक्षेपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे आजारी माणसाला घरी पाठवणं. उलट्या, जुलाब, कावीळ, तापासोबत घसा दुखणं, हातावर पू झालेली जखम, यातलं काही असेल तर अन्नाला हात नाही. उलट्या-जुलाब थांबल्यावरसुद्धा फूड कोडप्रमाणे किमान २४ तास, ब्रिटनमध्ये ४८ तास कामावर घेत नाहीत. आणि इथे नियम पाळला जाईल की नाही हे तुमच्या खिशावर ठरतं. सुट्टीचे पैसे कापले तर पोरगा सांगेलच कशाला, गोळी घेऊन येईल आणि सॅलड कापत उभा राहील. उलट्या-जुलाबांचा नोरोव्हायरस असेल तर सॅनिटायझरची बाटली पण फारशी कामाची नाही, साबण आणि वाहतं पाणी, वीस सेकंद, तेच खरं.

नुसतं बरं दिसणं पुरत नाही याचं जुनं उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कची मेरी मॅलन. स्वयंपाकीण, तब्येत ठणठणीत, पण अंगात टायफॉइडचे जंतू. १९०७ मध्ये तिला वेगळं ठेवलं, १९१० मध्ये परत स्वयंपाक करणार नाही या अटीवर सोडलं, आणि १९१५ मध्ये ती नाव बदलून एका हॉस्पिटलच्या किचनमध्ये काम करताना सापडली. मग १९३८ मध्ये मरेपर्यंत विलगीकरणातच. लोक तिला नावं ठेवतात, मला तिची थोडी दयाच येते, कारण स्वयंपाकाइतके पैसे तिला दुसऱ्या कामात मिळत नव्हते. तुमच्या स्टाफचंही गणित तेच असतं हे विसरू नका.

पायरी ५: तापमान, म्हणजे खरा अभ्यास

बाकी सगळं विसरलात तरी चालेल (नाही चालणार, पण म्हणतोय) हे विसरू नका. ५ डिग्री सेल्सियसच्या खाली आणि ५७ च्या वर जंतू फारसे वाढत नाहीत, मधला पट्टा धोक्याचा. इंग्लंडमध्ये गरम ठेवायला ६३ आणि थंडाला कायद्याने ८ आहे, म्हणजे आकडा थोडा हलतो, पट्टा तोच. चिकन आतून ७४, खिमा ६८, अख्खा मासा किंवा मांसाचा तुकडा ६३ आणि तिथे १५ सेकंद. मधोमध जाड भागात थर्मामीटर घालून बघायचं, वरून रंग बघून नाही. थर्मामीटर खरं बोलतंय का ते आठवड्यातून एकदा तपासा: ग्लासभर बर्फाचा चुरा, त्यात थोडं पाणी, ढवळून थर्मामीटरची काडी आत, शून्य दाखवलं पाहिजे. उकळत्या पाण्याने तपासायचं तर लक्षात ठेवा की उंचावरच्या गावात पाणी १०० च्या आधीच उकळतं.

आता लोक मार खातात ते शिजवण्यात नाही, थंड करण्यात. शिजवताना सगळ्यांचं लक्ष असतं, थंड करताना सगळे घरी जायच्या घाईत असतात. नियम असा: ५७ वरून २१ पर्यंत दोन तासांत, आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत. पहिले दोन तास इतके कडक का तर त्या पट्ट्यात जंतू सगळ्यात जोरात वाढतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स म्हणून एक जंतू आहे, त्याचे बीजाणू उकळूनसुद्धा मरत नाहीत, आणि सोयीचं तापमान मिळालं की त्यातून जंतू उगवतात आणि दहा मिनिटांच्या आसपास दुप्पट होतात. भातातला बॅसिलस सीरियस तर आणखी चिवट, त्याने एकदा उलटीचं विष तयार केलं की ते परत उकळून जात नाही, म्हणजे "उद्या चांगलं कडकडीत गरम करू" हा उपाय तिथे चालतच नाही.

हे मला पुस्तकातून नाही समजलं. एकदा रात्री सूपचं मोठं पातेलं, अंदाजे वीस लिटरचं, झाकण लावून तसंच वॉक-इन फ्रीजमध्ये (आत चालत जाता येतं असा खोलीएवढा फ्रीज) ढकललं. फ्रीज ३ डिग्रीवर, मी निवांत. सकाळी काठावर काडी घातली तर ६, म्हटलं छान. मग काय वाटलं कोण जाणे, पळी बाजूला करून काडी थेट मधोमध खाली घातली. २९. रात्रभर, दहा तासांनंतर, २९. वर आणि कडेला गार, पोटात कोमट. वास चांगला, चव कुणी बघितली असती तर ती पण चांगलीच लागली असती, तीच तर भीती आहे. सगळं मोरीत ओतलं आणि शेजारी दुधाच्या क्रेट होत्या त्यांचंही तापमान बघितलं तर त्या पण चढलेल्या, कारण फ्रीज गार ठेवायला असतो, गार करायला नसतो, एक मोठं गरम पातेलं आत गेलं की अख्खा फ्रीज त्याच्या मागे लागतो.

तेव्हापासून पद्धत अशी: पसरट ट्रेमध्ये दोन इंचापेक्षा जास्त खोल नाही, आधी बर्फाच्या पाण्यात ठेवून ढवळायचं, झाकण सैल, दोन तासांचा गजर फोनवर. २१ च्या खाली आलं नसेल पण दोन तास अजून उलटले नसतील तर परत ७४ पर्यंत तापवून पहिल्यापासून सुरू करता येतं. दोन तास उलटून गेले असतील तर फेकून द्या, जीव तुटतो मान्य आहे.

फ्रीजमधली मांडणी पण याच्याच पोटातली. शिजलेलं आणि तसंच खायचं ते सगळ्यात वर, मग मासे, मग मांसाचे तुकडे, मग खिमा, आणि कच्चं चिकन तळाला. सूत्र सोपंय, ज्याला जास्त तापवायचं ते खाली, म्हणजे थेंब पडला तरी जे अजून नीट शिजणार आहे त्याच्यावरच पडेल. प्रत्येक डब्यावर तारीख. बनवलेला दिवस धरून सात दिवस, नंतर नाही.

अॅलर्जीचं थोडक्यात सांगतो कारण यात वादाला जागाच नाही. युरोपात १४ पदार्थ जाहीर करावे लागतात, अमेरिकेत ९, तिथे २०२३ पासून तीळ नववा धरला. वेटरला माहीत नसेल तर त्याने "नसेल बहुतेक" म्हणायचं नाही, आत येऊन विचारायचं. एवढंच, पण रोज.

पायरी ६: उघडण्याआधीची तपासणी

सगळं बसवून, चालू करून मगच बोलवा. फ्रीज कालपासून चालू आणि आत थर्मामीटर लटकवलेलं, गरम पाणी येतंय, साबण भरलेला, औषधाच्या पट्ट्या हाताशी, बांधकामाची धूळ पुसलेली, आणि मंजूर नकाशाची प्रत तिथेच. अन्न मात्र अजून भरू नका, काही ठिकाणी परवाना हातात यायच्या आत किचनमध्ये माल दिसला की त्याचाच मुद्दा होतो. आणि उद्घाटनाची तारीख छापू नका! एखादी दुरुस्ती निघते, परत भेट लागते, आणि आमंत्रणं गेलेली असली की माणूस इन्स्पेक्टरशी नको ते बोलून बसतो.

पायरी ७: नंतर अचानक येतात तेव्हा

न सांगता येतात, बहुतेक वेळा गर्दीच्याच वेळी, आणि ते मुद्दाम असतं कारण रिकाम्या किचनमध्ये काय दिसणार. ओळखपत्र बघा, आत घ्या, स्वतः बरोबर फिरा, वही घ्या. अडवाअडवी केली तर नुसत्या तेवढ्यावर परवाना जाऊ शकतो. चहा-जेवणाचा आग्रह करू नका, आपल्याला तो पाहुणचार वाटतो, त्यांच्या नोकरीत त्याला वेगळं नाव आहे.

चूक दिसली आणि जागेवर सुधारता येत असेल तर त्यांच्यासमोरच सुधारा, रिपोर्टात तसं लिहिलं जातं. सगळे मुद्दे सारखे नसतात हे लक्षात ठेवा, कोमट चिकन आणि फुटलेली टाइल दोन्ही लिहिलं जातं पण वजन वेगळं. पटलं नाही तर तिथे हुज्जत नको, नियमाचा क्रमांक विचारा, सही करा (सही म्हणजे रिपोर्ट मिळाला, आरोप मान्य असं नाही), आणि अपील लेखी करा.

काही शहरांत निकाल दारावर लावावा लागतो. लॉस एंजेलिस काउंटीत १९९८ पासून ए, बी, सी अशी अक्षरं आहेत, न्यूयॉर्क शहरात २०१० पासून, तिथे चुकांचे गुण मोजतात, ० ते १३ ला ए, १४ ते २७ ला बी, २८ किंवा जास्तला सी. ब्रिटनमध्ये, स्कॉटलंड सोडून, ० ते ५ गुण, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो लावणं सक्तीचं, इंग्लंडमध्ये नाही. माझं वैयक्तिक मत विचाराल तर अक्षरामागे धावू नका, एका दिवसाचा फोटो आहे तो. रोज तापमानाची वही भरली तर अक्षर आपोआप येतं. फक्त ती वही दर संध्याकाळी एकदम बसून भरू नका, सगळे आकडे एकाच पेनने आणि एकाच अक्षरात, रोज तेच ४, ४, ४, ४, इन्स्पेक्टर असल्या वह्या वर्षानुवर्षं बघत आलेत. एखाद्या दिवशी ७ लिहिलेलं आणि पुढे "दार उघडं राहिलं, माल दुसऱ्या फ्रीजमध्ये हलवला, तासाने ४" असं असलं तर त्या वहीवर जास्त विश्वास बसतो.

नूतनीकरणाची तारीख तीन ठिकाणी लिहून ठेवा. मेनूत मोठा बदल, नवीन उपकरण, भिंत हलवणं, पार्टनर बदलणं, याआधी खात्याला कळवा.

आणि स्वतःहून बंद करायची वेळ कुठली हे पाठ असू द्या: पाणी गेलं, सांडपाणी वर आलं, वीज बराच वेळ नाही, आग, पूर, किंवा गिऱ्हाइकं एकामागून एक आजारी पडल्याचे फोन. यात बहुतेक ठिकाणी थांबायचं आणि खात्याला कळवायचं असतं, त्यांनी येऊन बंद करायची वाट बघायची नसते. आमच्याकडे एकदा भर दुपारी रस्त्यातली मुख्य लाइन फुटली, नळाला थेंब नाही, बाहेर अकरा टेबलं भरलेली. पार्टनर म्हणाला बाटल्यांचं पाणी आणतो, तासाभराचा प्रश्न आहे. मी म्हटलं हात कशाने धुणार? मग जेवढं वाढून झालं होतं तेवढं संपू दिलं, नवीन ऑर्डर बंद, दाराला पाटी आणि ऑफिसात फोन. त्यांनी पाणी आल्यावर काय करायचं ते फोनवरच सांगितलं. चार वाजता पाणी आलं, सगळे नळ काही वेळ मोकळे सोडले, आइस मशीनमधला सगळा बर्फ टाकून ते धुतलं, कॉफी मशीनचं पाणी बदललं, ओटे परत औषधाने पुसले, पुन्हा फोन केला, आणि सात वाजता दार उघडलं.